स्पीकर घ्यायचाय? आधी वॅट विसरा

‘भाऊ, चाळीस वॅटचा आहे, घर हालते!’ मोबाईलच्या दुकानात ब्लूटूथ स्पीकर विचारला की काउंटरमागून हे वाक्य येणारच. घर काही हालत नाही. हालतो तो आपला खिसा. तरी आपण पुढचा प्रश्न विचारतो, ‘पन्नासवाला नाही का?’

वॅट किती, हा स्पीकर घेताना पहिला विचारायचा प्रश्न नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘कोणत्या कंपनीचा?’ हाही नाही. पहिला प्रश्न असा, की तो वाजणार कुठे? मोताळ्यात, धामणगाव बढ्यात, रोहिणखेडला, म्हणजे आपल्या घाटाखालच्या गावांत राहणाऱ्या पोरापोरींसाठी या प्रश्नाचं उत्तर मुंबई-पुण्यापेक्षा वेगळं आहे. यूट्यूबवरचे रिव्ह्यू आपल्याला फारसे उपयोगी पडत नाहीत त्याचं कारण हेच. रिव्ह्यू करणारा दहा बाय बाराच्या खोलीत, टेबलावर स्पीकर ठेवून बोलत असतो. आपला स्पीकर अंगणात वाजतो, गच्चीवर वाजतो, खळ्यात वाजतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांचा पहाटे पाच वाजता ग्राउंडवर वाजतो. रात्रीची थ्री फेज लाइन आली की ओलीत करायला गेलेल्या बापाच्या सोबतीला धुऱ्यावर वाजतो. रानडुकरं आणि रोही पिकात घुसू नयेत म्हणून जागलीवर रात्रभर वाजत राहतो.

खोलीत आणि उघड्यावर आवाज एकसारखा वागत नाही. खोलीला भिंती असतात, आवाज त्यांच्यावर आपटून परत येतो. स्पीकर कोपऱ्यात ठेवला की ढोलाचा खर्ज आपोआप भरदार लागतो, म्हणून चार इंचांचा डबाही खोलीत बरा वाटतो. तोच उचलून अंगणात आणा. परत येणारा आवाज संपला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे दोन मीटरवर मस्त वाजणारं गाणं आठ मीटरवर १२ डेसिबलने कमी. त्यातही सगळ्यात आधी हरवतो तो खर्ज. मग आपण म्हणतो, ‘दुकानात तं लय भारी वाजत होता.’ दुकानात तो भारी वाजणारच. दुकान तीन बाजूंनी बंद असतं.

आता वॅटचं बघू. वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट झाला, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे कानाला ‘थोडा वाढला’ इतकंच कळतं. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट दहापट हवेत. १० वॅटचा घ्यावा की १५ चा, यावर दोन दिवस डोकं लावण्यात म्हणूनच अर्थ नाही. शिवाय खोक्यावर लिहिलेले वॅट कोणते, हाही प्रश्न आहेच. ‘आरएमएस’ लिहिलं असेल तर तो आकडा सतत वाजण्याचा, थोडाफार विश्वासाचा. ‘पीएमपीओ’ लिहून पुढे हजार, दोन हजार छापलं असेल तर ते खोकं परत फळीवर ठेवा.

फेकाफेकी पकडायचा एक हिशेब सांगते, दहावीच्या विज्ञानाचा आहे. खोक्यावर बॅटरी बघा. समजा १२०० एमएएच लिहिली आहे. अशी लिथियमची बॅटरी साधारण ३.७ व्होल्टची असते. १.२ गुणिले ३.७, म्हणजे जवळपास साडेचार वॅट-तास. आता त्याच खोक्यावर ४० वॅट लिहिले असतील, तर पूर्ण ४० वॅटने वाजवल्यावर ही बॅटरी सात मिनिटंही टिकणार नाही. गाण्यात प्रत्येक क्षणी पूर्ण ताकद लागत नाही हे खरं, पण ज्या डब्यात साडेचार वॅट-तास भरले आहेत, तो ‘४० वॅट, १० तास’ म्हणत असेल तर दोन आकड्यांपैकी एक नक्की खोटा. कधी कधी दोन्ही. उलट चांगल्या कंपन्यांचे छोटे स्पीकर बघा, तिथे आकडे किती साधे असतात ते. जेबीएलचा ‘गो ३’ स्वतःला फक्त ४.२ वॅटचा आणि ५ तासांचा म्हणवतो. त्याच कंपनीचा ‘चार्ज ५’ घेतला तर ७५०० एमएएच बॅटरी, २० तास, आणि वजन किलोला थोडंसं कमी. तो मोबाईलही चार्ज करून देतो. या दोन मॉडेलांच्या किमतीत मोठा फरक आहे आणि तो का आहे, हे बॅटरीच्या आकड्यातच दिसतं.

तासांबद्दलही सावध राहा. कंपन्या जे तास सांगतात ते मध्यम आवाजावरचे असतात. उघड्यावर आपण आवाज मध्यम ठेवत नाही. म्हणून ज्याला जागलीसाठी हवा आहे त्याने लिहिलेल्या तासांच्या निम्मेच धरावे. बारा तासांचा घेतला तर रात्र निघते. पाच तासांचा घेतला तर रात्री दोन वाजता स्पीकर बंद, आणि रोह्यांना ते आपल्याआधी कळतं. आपल्याकडे लाइन कधी जाईल हे महावितरणच जाणे, तेव्हा चार्जिंग टाइप-सी केबलने होणारं असावं. घरात एकच चार्जर तीन मोबाईलमध्ये फिरत असतो, त्यात स्पीकरसाठी वेगळी बारीक पिन सांभाळत बसायला कोणाला वेळ आहे?

खोक्यावर आणखी एक बारीक अक्षरांतली गोष्ट असते, आणि आपल्यासाठी ती वॅटपेक्षा मोठी आहे. आयपी आणि पुढे दोन आकडे. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसऱ्या जागी ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल. आता गंमत बघा. जाहिरातीत पाण्याचाच फोटो असतो, स्विमिंग पूल, समुद्र. मोताळ्यात स्विमिंग पूल कुठाय? नळगंगा धरण आहे, पण तिथे कोणी स्पीकर बुडवायला जात नाही. आपला शत्रू धूळ आहे. सोयाबीन-मका काढणीच्या वेळी मळणी यंत्राजवळ उभं राहून बघा, कापूस वेचणीचा तंतू बघा, मार्च ते जूनचा फुफाटा बघा. स्पीकरच्या जाळीत आणि चार्जिंगच्या भोकात हेच जाऊन बसतं.

म्हणून ‘आयपीएक्स७’ आणि ‘आयपी६७’ यांतला फरक पाठ करून ठेवा. एक्स म्हणजे धुळीची चाचणी सांगितलेलीच नाही. ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही. दुकानदार दोन्ही ‘वॉटरप्रूफच आहे’ म्हणून विकतो आणि त्याचं म्हणणं खोटं नसतं, अर्धं असतं. जेबीएलच्याच ‘गो २’ला आयपीएक्स७ होतं, ‘गो ३’ला आयपी६७ आलं. जुनं मॉडेल स्वस्तात मिळतंय म्हणून उचलताना हे बघायचं. आणि रेटिंग कितीही असो, चाचणी नव्या स्पीकरची आणि साध्या पाण्यात होते. वर्षभराने रबरी झाकण सैल झालं की रेटिंग फक्त खोक्यावर उरतं. काही मॉडेलांत झाकणच नसतं, तिथे चार्जिंगआधी भोक कोरडं आहे ना, एवढं बघा.

उन्हाचं तर विचारूच नका. बुलढाणा घाटावर, तिथे जरा बरं असतं. राजूर घाट उतरून खाली आलं की एप्रिल-मे मध्ये अंगाची लाही होते. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायची असते. टिनाच्या खोलीत दुपारी किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून जास्त होतं. स्पीकर फुगला, दोन वर्षांत बसला, यात दरवेळी कंपनीचा दोष नसतो. उन्हाळ्यात चार्जिंग रात्री करा. खोलीत काही गारवा असतो तेव्हा.

आता खुद्द आवाज. मोठ्या शहरात मॉलमध्ये जाऊन दहा स्पीकर शेजारी शेजारी ऐकता येतात. आपल्याकडे मोताळ्यात दुकानात दोन-चार मॉडेल, थोडे जास्त बघायचे तर मलकापूर नाहीतर बुलढाणा, आणि बाकी सगळं ऑनलाइन, म्हणजे न ऐकताच. माझा सल्ला असा, की घेण्याआधी ओळखीत कोणाकडे ते मॉडेल आहे का शोधा. वर्गात साठ पोरं असतात, हॉस्टेलवर त्याहून जास्त. एका संध्याकाळपुरता मागून घ्या आणि बाहेर, जिथे वाजवणार तिथेच वाजवा. तीन गाणी पुरतात. पहिलं, फक्त माणसाच्या आवाजाचं, एखादं कीर्तन किंवा भजन चालेल. शब्द स्वच्छ कळले पाहिजेत. दुसरं, ढोलकी किंवा डग्ग्याचं. छोट्या स्पीकरला खर्ज पेलत नाही, कारण त्याला हलवता येईल इतकी हवाच थोडी असते. काही कंपन्या त्यासाठी बाजूला थरथरणारा पडदा लावतात, पॅसिव्ह रेडिएटर म्हणतात त्याला. त्याने फरक पडतो. पण बस आवाज ‘धप धप’ असा एकाच सुरात येत असेल तर तो खर्ज नाही, डब्याचं कंपन आहे.

तिसरं गाणं भरपूर वाद्यांचं. ‘सैराट’मधलं कुठलंही लावा. २०१६च्या या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंद हॉलिवूडमधल्या सोनीच्या स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड केला. आपण ते सगळं वरातीतल्या गाडीवर ऐकलं, त्यामुळे त्यात व्हायोलिनं आहेत हे अनेकांना माहीतच नाही. नव्या स्पीकरवर ती ऐकू आली तर स्पीकर चांगला. आणि शेवटी आवाज पूर्ण चढवा. मोठा होतो का हे बघू नका, फाटतो का ते बघा. ७० टक्क्यांनंतर फाटत असेल तर उरलेले ३० टक्के तुम्ही फुकटच विकत घेताय.

दोन-तीन बारीक गोष्टी कोणी सांगत नाही. ब्लूटूथने आवाज जरा उशिरा पोचतो. गाणी ऐकताना कळत नाही, पण मोबाईलवर गेम खेळताना गोळी आधी आणि आवाज मागून. गॅदरिंगच्या डान्सची प्रॅक्टिस लॅपटॉपवर व्हिडिओ लावून करायची असेल तर वायर लावायची सोय, म्हणजे ऑक्स, आहे का बघा. नव्या मॉडेलांतून ती गायब होत चालली आहे. फोन मागच्या खिशात ठेवून फिरलात की आवाज तुटतो, कारण आपल्याच अंगातलं पाणी ब्लूटूथच्या लहरी शोषून घेतं. त्यात स्पीकरचा दोष नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोबाईलच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन त्या स्पीकरपुढचा ‘कॉल’चा पर्याय बंद करा. नाहीतर गच्चीवर गाणी चालू असताना जो फोन येईल, त्याचं संभाषण अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल. यात किती जणांची प्रकरणं उघडी पडलीत, याची यादी प्रत्येक हॉस्टेलवर असते.

मुलींचं एक वेगळंच आहे. घरात कानात इअरफोन घालून बसलं की, ‘काहून वं, आवाज देतो तं ऐकू येत नाही का?’ हे ठरलेलं. म्हणून आपल्यापैकी कितीतरी जणी स्पीकर घेतात, स्वयंपाक करताना, भांडी घासताना काहीतरी ऐकता यावं म्हणून. अशांनी मोठ्या स्पीकरच्या नादी लागू नये. हातात मावेल असा, ओट्यावर पाणी उडालं तरी चालेल असा छोटाच घ्यावा, हजार-दीड हजारापासून मिळतो. स्पर्धा परीक्षेची लेक्चर तीन जणींना मिळून ऐकायची असली तरी हा पुरतो. बोलण्याच्या आवाजाला खर्ज लागत नाही.

माझा खरा राग आहे तो ट्रॉलीवाल्या ‘पार्टी स्पीकर’वर. चाकं, दिवे, माइक, आणि हप्ते. मित्र-मित्र मिळून पंधरा-वीस हजारांचा घेतात, नावावर एकाच्या, हप्ता भरतो एकच. वर्षातून वाजतो किती वेळा? गणपती, जयंती, दोन वाढदिवस. बाकी दिवस तो कोणाच्या तरी पडवीत पोत्याखाली झाकलेला असतो. बॅटरी न वापरताही म्हातारी होते, हे कोणी सांगत नाही. कापूस वेचून, सुट्टीत कामाला जाऊन जमवलेले पैसे असतील तर असा स्पीकर भाड्याने आणा. ज्या दिवशी हवा त्या दिवशी आणा, दुसऱ्या दिवशी परत. उरलेल्या पैशांत कॉलेजचा वर्षाचा बसचा पास आणि चांगला छोटा स्पीकर, दोन्ही होतात.

इथे कोणी म्हणेल, ‘मग आम्ही वाजवायचंच नाही का?’ वाजवा ना. पण कायदा माहीत असू द्या, कारण आवाज चढवणारे आपण असतो आणि पोलीस आले की उभंही आपल्यालाच राहावं लागतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे दहा ते सहा. दवाखाना, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून ठरवता येतो. आणि हे फक्त डीजेला लागू नाही. खाजगी जागेतल्या स्पीकरचा आवाज हद्दीबाहेर त्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त जाता कामा नये, असंही त्यात आहे. ५५ डेसिबल म्हणजे दोन माणसांच्या साध्या बोलण्याच्या आसपास. आपला ‘छोटासा’ स्पीकरही हे सहज ओलांडतो.

एसटीत तर त्याला जागाच नाही. मोताळा-मलकापूर बसमध्ये सकाळी पाय ठेवायला जागा नसते, त्यात मागच्या सीटवर कोणीतरी स्पीकर मांडीवर घेऊन बसलेला. पुढे पेपर असलेली पोरगी नोट्स वाचत असते, एखादी आजी दवाखान्यात निघालेली असते. कोणी बोलत नाही, कारण बोललं की भांडण. महामंडळाने बसमध्ये मोबाईल मोठ्याने वाजवायला मनाई केलेली आहे, कंडक्टरला सांगता येतं. सांगा. पावसाळ्यात राजूर घाटात गाड्या थांबवून जे चालतं, तेही मला कधी कळलेलं नाही. ढग खाली उतरलेले असतात, धबधबे चालू असतात, आणि त्यावर आपण रिमिक्स लावतो. बाजूच्या ज्ञानगंगा अभयारण्यात २०१९च्या शेवटी टिपेश्वरहून चालत निघालेला वाघ येऊन थांबला होता. इतकं चालून तो काही आपली प्लेलिस्ट ऐकायला आला नव्हता.

जागलीवरचा स्पीकर मात्र मी या सगळ्यातून वेगळा काढते. तिथे तो करमणूक नाही, पीक वाचवायचं साधन आहे. पण तिथेही रोज तेच गाणं त्याच जागेवरून वाजत राहिलं तर जनावरं सरावतात, हे कोणताही अनुभवी शेतकरी सांगेल. जागा बदलत राहायची, मधे माणसांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग लावायचं. अशा कामाला महागडा खर्ज, दिवे, काहीच लागत नाही. लांब जाणारा स्वच्छ आवाज, दांडगी बॅटरी आणि धुळीचा ६, एवढं बघा. मेमरी कार्डची खाच असलेला मिळाला तर उत्तम, म्हणजे मोबाईल शेतात सोडून यावं लागत नाही. एफएम असेल तर बापालाही सोबत होते. मात्र बहुतेक स्पीकरमध्ये मध्यम लहरीचा रेडिओ नसतो, जुन्या ट्रान्झिस्टरची जागा तो पूर्ण घेईल असं समजू नका.

घेताना शेवटचं. ऑनलाइन असो की दुकान, आधी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आपल्याला सगळ्यात जवळ कुठे आहे ते तिच्या वेबसाइटवर पिनकोड टाकून बघा. एक वर्षाची वॉरंटी आहे, पण स्पीकर घेऊन अकोल्याला नाहीतर छत्रपती संभाजीनगरला दोन चकरा मारायच्या असतील तर स्वस्त स्पीकरची वॉरंटी ही भाड्याच्या पैशातच संपते. घरून उचलून नेतात का, हे आधी विचारा. खोक्यावर बीआयएसची खूण आणि तिच्यासोबत ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो टाकला की कोणत्या कंपनीच्या नावावर आहे ते समोर येतं. ‘फर्स्ट कॉपी आहे, सेम टू सेम वाजते’ म्हणून जो माल खपतो, तो इथे बरोबर सापडतो. आणि पक्कं बिल मागा, त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. ‘बिल कशाला, मी आहे ना’ म्हणणारा दुकानदार सहा महिन्यांनी असतोच असं नाही. बिल असलं आणि वॉरंटीत कोणी टोलवाटोलवी केली, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मराठीतही बोलता येतं.